ढिगारा उपसल्यानंतरची धूळ

आमच्या मांजर्लीत जुनी इमारत पाडायला घेतली, की आसपासच्या खिडक्या बंद होतात. तरी दुसऱ्या दिवशी घरातल्या फळीवर पांढरा थर बसलेला दिसतो. २८ मे २०२१ रोजी उल्हासनगरात ‘साई शक्ती’ इमारतीचे स्लॅब कोसळून सात जण गेले, तेव्हा मला तोच थर आठवला. मृतांचा आकडा छापून येतो. ढिगारा उपसणाऱ्यांच्या छातीत काय उतरले, याची नोंद कोण ठेवतो?

ओलावा मिळताच सिमेंट दाहक अल्कली बनते. डोळे, घसा चुरचुरतो तो त्यामुळे. काँक्रीटमधल्या वाळूतली सिलिका अधिक घातक. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. वर्षानुवर्षे जात राहिले तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. थोड्या दिवसांची दाट धूळही साधी नसते. २००१ साली न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यावर शेकडो अग्निशामक जवानांचा खोकला महिनोन्महिने हटला नाही.

त्या मे महिन्यात करोनामुळे तोंडोतोंडी मास्क होते. पण ही धूळ कापडी मास्कला दाद देत नाही, त्यासाठी नीट बसणारा एन-९५ लागतो. त्याआधी ढिगाऱ्यावर सतत पाणी मारावे. आणि घरातला तो पांढरा थर झाडू नये; ओल्या फडक्याने पुसावा.