इन्फ्लुएंझाची महामारी : मारकता कशाने वाढते?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रकृती, आहार, बल, सात्म्य आणि वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी नष्ट होतात, हा अग्निवेशाचा प्रश्न. आणि वायू, उदक, देश व काल हे सर्वांना समान असणारे भाव दूषित होतात, हे आत्रेयांचे उत्तर. आम्ही येथे त्याला जोडून दुसरा प्रश्न विचारू इच्छितो : साथ सर्वांना गाठते, मग मृत्यू सर्वांना सारखाच का गाठत नाही?

विषाणू आणि क्षेत्र

समाजाला अपरिचित असा इन्फ्लुएंझाचा उपप्रकार उद्भवला, की महामारीस वाव मिळतो. १९१८ मध्ये एच१एन१, १९५७ मध्ये एच२एन२, १९६८ मध्ये एच३एन२ आणि २००९ मध्ये नव्या रूपातील एच१एन१ असे हे विषाणू आले. परंतु १९१८ ची संहारकता इतर तिघांत नव्हती. त्या विषाणूची स्वतःची उग्रता हे एक कारण होतेच, तथापि ते एकमेव नव्हते.

१९१८ च्या जूनमध्ये ही साथ मुंबईत शिरली. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट भयंकर ठरली. त्याच वर्षी पाऊस अपुरा पडून धान्य महागले होते. भारतातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. मुंबईत दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांमध्ये सुमारे ८, तर तथाकथित खालच्या जातींमध्ये ६१ च्या वर होते. विषाणू एकच, दाटीची वस्ती, कुपोषण आणि शुश्रूषेचा अभाव यांनी फरक घडविला. बलहीन क्षेत्रात बीज अधिक रुजते, हे आपले शास्त्र सांगतेच.

उपद्रव हाच घातक

१९१८ मधील बहुसंख्य मृत्यू विषाणूपाठोपाठ आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, असे उत्तरकालीन अभ्यासांतून दिसले. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. वीस ते चाळीस वयोगटातील धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने दगावली, हे त्या साथीचे वैशिष्ट्य होय.

आपले कर्तव्य

ऑगस्ट २००९ मध्ये देशातील पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू पुण्यात नोंदला गेला. तेव्हा काढ्यांची मागणी वाढली आणि आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत गर्दी झाली. अशा वेळी आपल्या हातून होणारी चूक बहुधा औषधाची नसते, विलंबाची असते. गर्भिणी, मधुमेही, श्वासरोगी, बालक व वृद्ध यांकडे विशेष लक्ष द्यावे. श्वासास कष्ट, ओठांवर नीलिमा, छातीत वेदना, संभ्रम, किंवा उतरलेला ज्वर पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत अधिक उपयुक्त ठरते, याचे स्मरण असावे. औषधविक्रेत्या बंधूंनी ‘खात्रीशीर प्रतिबंध’ असे फलक लावू नयेत. चिठ्ठीविना प्रतिजैविके व स्टेरॉइड देऊ नयेत.

भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करा, असे आत्रेयांनी शिष्यांस बजावले होते. साथ येण्यापूर्वीची तयारी हाच त्या उपदेशाचा आजचा अर्थ आम्ही मानतो. रुग्णास योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे यात वैद्याचा पराभव नाही. तो चिकित्सेचाच भाग आहे.