ग्रीन कार्ड सांभाळताना : माहेरचं बाळंतपण

या आठवड्यात एसबी-१ व्हिसाबद्दल, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाच्या व्हिसाबद्दल, लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या खेपेला. सांगलीहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि त्यांच्या प्रश्नाला थांबायला वेळ नाही. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत आहेत. दोघांकडे ग्रीन कार्ड, दोघांचे पासपोर्ट भारतीय. मुलीला सातवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं आईला वाटतं, तसंच लेकीलाही. बाई विचारतात, "बाळ इथं झालं तर त्याला अमेरिकेचा व्हिसा मिळायला किती दिवस लागतील? आणि एवढे महिने इकडे राहिली तर मुलीच्या कार्डाला धक्का नाही ना लागणार?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून ते आधी. बाळाला व्हिसा लागतच नाही. मुंबईच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट नको, अर्ज नको, रांग नको. ग्रीन कार्डवाली आई तात्पुरती परदेशी गेलेली असताना तिला मूल झालं, तर इमिग्रंट व्हिसाशिवाय त्याला अमेरिकेत घेतात आणि तिथं उतरताच तेही कायमचं रहिवासी होतं. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत आठव्या शीर्षकाखाली २११.१ या कलमात ही सवलत आहे. या लेखमालेत आपण आतापर्यंत जे नियम पाहिले, ते बहुतेक सगळे माणसावर नजर ठेवणारे होते: किती दिवस बाहेर होतात, का होतात, घर कुठं, नोकरी कुठं. हा नियम मात्र तान्ह्या बाळाला आईपासून तोडू नये म्हणून केलेला आहे. इतकी वर्षं हा कायदा वाचतोय, पण या कलमापाशी आलो की आजही बरं वाटतं.

अर्थात अटी आहेत, आणि त्या पाळायच्या तर सगळा बेत निघण्याआधीच आखायला हवा. मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत अमेरिकेत पोचलं पाहिजे. सोबत आई किंवा बाप हवा, आणि त्या पालकाचं स्वतःचं ग्रीन कार्ड प्रवेशासाठी चालणारं हवं. शिवाय बाळ जन्मल्यानंतर त्या पालकाचं अमेरिकेत परतणं हे पहिलंच असलं पाहिजे.

दोन वर्षांची अट सगळ्यांच्या लक्षात राहते, कारण विमानात मांडीवरच्या तिकिटाची मर्यादाही तेवढीच. घात होतो तो 'पहिलं परतणं' या अटीने.

माझ्या ओळखीतल्या एका घरात झालेलं सांगतो. मुलगी टेक्सासहून नाशिकला बाळंतपणाला आली. मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, म्हणून जावई आठ दिवसांची रजा काढून आला, घुगऱ्या खाऊन परत गेला. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी मिळते ती १२ आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी, आणि तीसुद्धा सगळ्या नोकऱ्यांत नाही. तिची कंपनी जरा उदार होती, तरी बाळ चार महिन्यांचं होताहोता बोलावणं आलं. एवढ्याशा जिवाला पाळणाघरात कशाला टाकायचं, असं आजी म्हणाली. पाच-सहा महिन्यांनी आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर जाणारच होते, ते बाळाला घेऊन येतील असं ठरलं. आई एकटी परतली.

आजी-आजोबा निघायच्या सुमाराला तिकिटाच्या एजंटने बाळाचा व्हिसा विचारला, तेव्हा सगळं उघडकीला आलं. आजीच्या कडेवर बसून या सवलतीत येता येत नाही. आई पुन्हा नाशिकला येऊन बाळाला घेऊन गेली असती, तर ते तिचं दुसरं परतणं ठरलं असतं. मी विचारलं, "जावई बाळंतपणाच्या वेळी अमेरिकेत होते ना?" कारण नियम 'त्या पालकाचं' पहिलं परतणं म्हणतो. बाप तोवर तिकडेच राहिला असता आणि आता बाळाला न्यायला आला असता, तर त्याचं ते पहिलंच परतणं ठरलं असतं आणि बाळ त्याच्यासोबत गेलं असतं. पण बारशाला येऊन तोही परतून बसला होता. दोन्ही दारं बंद झाली होती, आणि बंद करणाऱ्या कुणालाच त्याची कल्पना नव्हती. शेवटी कुटुंब वर्गातून रीतसर अर्ज करावा लागला. ग्रीन कार्डधारकाच्या मुलांचा हा वर्ग कधी खुला असतो, कधी दोन-तीन वर्षं मागे असतो. त्यांच्या वेळी तो मागे होता.

म्हणून सांगलीच्या बाईंना माझं ठाम सांगणं आहे: लेक परत जाईल तेव्हा बाळ तिच्या कडेवर असू दे. बाळाला एकदा तिकडे रहिवासाची नोंद मिळू दे, मग आजीने हौसेने काही महिन्यांसाठी सांगलीला आणावं. तेव्हा मात्र मोठ्यांचे नियम त्यालाही लागू होतील. तान्ह्या मुलाचा परतायचा हेतू कोण तपासणार, असं कुणी विचारेल. त्यावर निवाडे आहेत: मुलाचा हेतू म्हणजे आईबापांचा हेतू.

आता मुलीच्या कार्डाचं. बाई लिहितात, सातवा लागताच ती निघेल. ते योग्यच आहे, कारण २८ आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागू लागतात आणि ३६ नंतर बहुतेक कंपन्या नेतच नाहीत. पुढे तीन महिन्यांनी बाळंतपण, सव्वा महिना शेक-शेगडी, आणि बाईंच्या मनात उष्टावण करूनच पाठवायचं आहे. म्हणजे एकूण नऊ महिने. १८० दिवसांची रेघ ओलांडली जाते. त्यामुळे विमानतळावरचा अधिकारी चार प्रश्न जास्त विचारू शकतो. वर्षाच्या आत परतली तर प्रवेशासाठी कार्ड चालतं. आणि या प्रश्नांना बाळंतपणाइतकं सरळ उत्तर दुसरं नाही. 'तात्पुरतं जाणं' कशाला म्हणायचं याची कोर्टाची कसोटी आपण मागे पाहिली: जाण्याला कारण हवं आणि त्याचा शेवट नजीकच्या एखाद्या घटनेशी बांधलेला हवा. बाळंतपणाला डॉक्टरांनी दिलेली तारीखच असते. १९७५ च्या केन प्रकरणातली ग्रीन कार्डधारक व्यक्ती जमैकातलं लॉजिंग हाऊस चालवत वर्षातले ११ महिने तिकडेच काढत होती. तशी ही गोष्ट नाही. नवरा तिकडे नोकरीत, भाड्याचं घर चालू, टॅक्स रिटर्न रहिवासी म्हणून भरलेला, हे सगळं मुलीच्या बाजूने बोलतं.

मात्र मुक्काम वर्षापलीकडे जायची जराही शक्यता असेल, तर री-एन्ट्री परमिटचा अर्ज तिने न्यू जर्सीतून निघण्यापूर्वीच करावा. तो भारतात आल्यावर करता येत नाही, हे नियमित वाचकांना पाठ झालं असेल. परमिटशिवाय वर्ष उलटलं तर आईचंच कार्ड प्रवेशाला चालणार नाही, आणि मग बाळाची सवलतही गेली. शिवाय पुढे नागरिकत्व घ्यायचं असेल, तर सहा महिन्यांवरच्या गैरहजेरीने पाच वर्षांचा सलग रहिवास तुटला असं गृहीत धरतात. तसा तो तुटला नाही हे पुराव्याने दाखवता येतं, पण ते ओझं तिच्यावर असतं. याच कारणासाठी मी उष्टावण न्यू जर्सीत करा असं सुचवेन.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचा जन्मदाखला. बाळ या आईचं आहे हे सांगणारा तो एकच कागद. आपल्याकडे बाळंतीण माहेरच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जाते, आणि तिथं तिची फाइल लहानपणापासून माहेरच्या नावाने असते. हॉस्पिटल तेच नाव महापालिकेला कळवतं. ग्रीन कार्डावर सासरचं आडनाव, कुणाचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. दाखल झाल्या दिवशीच पासपोर्टची प्रत हॉस्पिटलच्या काउंटरवर द्यावी आणि जन्माच्या फॉर्मवर त्याबरहुकूम नाव लिहून घ्यावं. नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी. बाळाचं नाव मागाहून घालता येतं, पण पासपोर्टला ते लागतं, तेव्हा बारसं झालं की लगेच उरकावं. आईबाप दोघंही भारतीय नागरिक, म्हणून बाळही भारतीय आणि त्याचा पासपोर्टही भारतीय. त्या अर्जाला दोघांची संमती लागते. बाप तिकडे असेल तर त्याचा कागद तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यावा लागतो, यात दिवस जातात.

मुंबई विमानतळावर चेक-इनच्या खिडकीशी अडचण येऊ शकते. बाळाचा कोरा भारतीय पासपोर्ट बघून समोरचा कर्मचारी व्हिसा शोधतो, कारण चुकीचा प्रवासी नेला तर दंड कंपनीला. आधी आठवडाभर विमान कंपनीला लिहून विचारावं, उत्तर छापून जवळ ठेवावं, त्या दिवशी लवकर पोचावं आणि अडलंच तर वरिष्ठांना बोलवायला सांगावं. हे प्रकरण कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत असतं, फक्त खिडकीवरच्या माणसाने ते रोज पाहिलेलं नसतं. पलीकडे उतरल्यावर आई आणि बाळाला आतल्या खोलीत बसवतात. घाबरायचं काही नाही, तिथं बाळाची कागदपत्रं तयार होतात. दूध-डायपर मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको.

दोन खुलासे राहिले. आईवडिलांपैकी एक जण अमेरिकन नागरिक असेल तर बाळ जन्मतःच नागरिक असू शकतं. तिथं हा नियम बघायचाच नाही, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद आणि अमेरिकन पासपोर्ट हा मार्ग. आणि आई एच-१बी वर असेल तर ही सवलत नाही. बाळाला एच-४ व्हिसा काढावा लागतो.

पुढच्या आठवड्यात एसबी-१. २०२० च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि कितीतरी आजी-आजोबा पुण्या-ठाण्यात अडकले, त्यांच्यापासून सुरुवात करू.