आकाशवाणी चेन्नई : इरुंगाट्टुकोट्टैवाल्यांसाठी थोडं

इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यांत किंवा रेसट्रॅकवर कामाला आलेल्या मंडळींनो, गाडीतला रेडिओ लावा. बंगळुरू हायवेवरून शहराकडे निघालात की १०१.४ वर चेन्नईचं एफएम रेनबो लागतं. तमिळ येत नसेल तरी ऐका, गाणी तर कळतातच!

भारतातलं पहिलं एफएम प्रक्षेपण मद्रासमधूनच झालं, २३ जुलै १९७७ ला. योगायोग बघा, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं ते २३ जुलै १९२७ ला. बरोब्बर पन्नास वर्षं!

पण मद्रासची गोष्ट त्याच्याही आधीची. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये तिथे हौशी मंडळींचा रेडिओ क्लब निघाला आणि त्याच वर्षी कार्यक्रमही सुरू झाले. पैशाअभावी १९२७ मध्ये तो बंद पडला. ट्रान्समीटर महानगरपालिकेकडे गेला आणि १९३० पासून पालिकेनेच रेडिओ चालवला. पालिका म्हटलं की आपल्याला खड्डे आठवतात, इथे संगीत ऐकवत होती!

आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं १६ जून १९३८ ला, एग्मोरमध्ये. १९५४ पासून ते मरीनाजवळच्या इमारतीत आहे.

जुना ट्रान्झिस्टर असेल तर रात्री मीडियम वेव्हही चाळून बघा. आतली फेराइटची कांडी दिशा ओळखते, त्यामुळे आवाज बारीक आला तर एरियल ओढत बसू नका, अख्खा सेटच हळूहळू फिरवा. अंधार पडल्यावर या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन लांबवर पोचतात, तेव्हा दूरची केंद्रंही सापडतील.