दंतवैद्यांची संख्या आणि दंतपरिचारिकेचे काम

लोकसंख्येच्या मानाने दंतवैद्य किती असावेत, हा प्रश्न आरोग्ययोजनांच्या अहवालांतून वारंवार चर्चिलेला आढळतो. १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने आपल्या देशात तीन लक्ष लोकांमागे एक दंतवैद्य असल्याचे नोंदविले, आणि १९७१ पर्यंत हे प्रमाण चार हजारांमागे एक व्हावे असे उद्दिष्ट ठेविले. योजनेला अशा आकड्यांवाचून चालत नाही, हे खरे. तथापि दाढ किडलेल्या आठ वर्षांच्या मुलास पूर्ण शिक्षण घेतलेल्या दंतवैद्याचीच आवश्यकता आहे काय, हा प्रश्न असा आकडा कधीच विचारीत नाही. न्यूझीलंडने तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचारला.

पहिल्या महायुद्धात सैन्यभरती करताना तेथील तरुणांचे दात किती वाईट अवस्थेत आहेत हे सरकारच्या ध्यानी आले. लष्कराच्या दंतविभागाचे प्रमुख टॉमस हंटर यांजकडे १९२० मध्ये आरोग्यखात्याच्या नव्या दंतशाखेची सूत्रे आली. दंतवैद्य थोडे, आणि असलेल्यांना लहान मुलांच्या दातांचे काम फारसे किफायतशीर नव्हते. यास्तव तरुण स्त्रियांना दोन वर्षे शिकवून केवळ शाळकरी मुलांच्या दातांसाठी सरकारी नोकरीत घ्यावे, अशी योजना निघाली. पूर्ण पात्रता नसलेल्या व्यक्तीच्या हाती दात कोरण्याचे यंत्र द्यावयाचे, ही कल्पना व्यवसायातील सर्वांनाच रुचली असेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही १९२१ साली वेलिंग्टन येथे शिक्षण सुरू झाले व १९२३ साली पहिली तुकडी कामावर रुजू झाली.

या दंतपरिचारिकांच्या कामाची मर्यादा नीट आखलेली होती. मुलांचे दात तपासणे, स्वच्छ करणे, किडलेला भाग कोरून पोकळी भरणे, दुधाचे दात काढणे आणि दातांची निगा शिकविणे, एवढे त्यांचे काम, त्यापलीकडचे दंतवैद्याकडे. प्रारंभी कोरण्याचे यंत्र पायाने चालवावे लागे. मुलांनी या दवाखान्यांना ‘खुनी घर’ असे नाव पाडले होते, यावरून तेथील अनुभवाची कल्पना येईल! पण योजनेचे मर्म शिक्षणाच्या दोन वर्षांपेक्षा दवाखान्याच्या जागेत होते, असे मला वाटते. दवाखाना शाळेच्याच आवारात. मुलाला वर्गातून बोलवावयाचे, काम झाले की परत पाठवावयाचे. आईबापांचा रोज बुडत नाही, प्रवास नाही, शुल्क नाही. आणि दुखू लागण्याची वाट न पाहता ठराविक मुदतीने त्याच मुलाची पुन्हा तपासणी होते. १९४९ मध्ये मलायातील पेनांग येथे याच धर्तीवर दंतपरिचारिकांची शाळा निघाली, व पुढे अनेक देशांनी हा मार्ग आपापल्या परीने अनुसरला.

या योजनेत उणिवा होत्या, आणि त्या नियोजन करणाऱ्यांनी यशाइतक्याच बारकाईने पाहावयास हव्यात. ही सेवा कित्येक दशके केवळ स्त्रियांच्या, तीही अल्प वेतनावरच्या, श्रमावर उभी होती. १९७४ साली दंतपरिचारिकांना वेतनासाठी वेलिंग्टनमध्ये मोर्चा काढावा लागला. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. जिला पोकळी भरण्याचे शिक्षण दिले आहे तिला भरण्याजोगे दात पुष्कळ दिसतात. १९७० नंतरच्या दशकात कोणता दात भरावा याचे निकष कडक करण्यात आले, तेव्हा भरावयाच्या दातांची संख्या बरीच घटली. पिण्याच्या पाण्यात फ्लुओराइड मिसळण्याचा प्रयोग हेस्टिंग्ज शहरी १९५४ मध्येच सुरू झाला होता. शिवाय ही सारी व्यवस्था मुलांपुरती; प्रौढ मनुष्य खाजगी दंतवैद्याच्या दारी जाई, आणि अनेकांच्या वाट्यास अखेर कवळीच येई.

आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्य, दंतआरोग्यक व दंतयांत्रिक अशा तीन नोंदवह्या ठेविल्या. शाळेतील मुलांच्या दातांवर स्वतः उपचार करणाऱ्या परिचारिकेस त्यांत स्थान नव्हते. पुढे भर पडला तो महाविद्यालयांवर. आज ती तीनशेहून अधिक आहेत, आणि भोर समितीच्या काळचे प्रमाण केव्हाच मागे पडले आहे. परंतु यांतील बहुतेक दंतवैद्य शहरांत व खाजगी व्यवसायात आहेत. खेड्यातील प्राथमिक आरोग्यकेंद्रात दंतवैद्याचे पद सामान्यतः नसतेच. अर्थात संख्या वाढली, पण गावात दाढ दुखणाऱ्याचे अंतर तेवढेच राहिले.

मौखिक कर्करोगाच्या बाबतीत मात्र वेगळी वाट दिसली आहे. तंबाखू व मिश्री यांमुळे महाराष्ट्राला हा रोग परका नाही. १९९६ मध्ये केरळात तिरुवनंतपुरम् जिल्ह्यात सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण खास शिकविलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत या तपासणीमुळे मौखिक कर्करोगाने होणारे मृत्यू घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. आता शासकीय कार्यक्रमातही तीस वर्षांवरील व्यक्तींची अशी तपासणी अंतर्भूत आहे, आणि आशा कार्यकर्ती घरी येऊन जे पत्रक भरते त्यात तोंडाविषयीचे प्रश्न असतात. पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण आढळलेल्या माणसास तिने कोठे पाठवावयाचे, तेथे कोणत्या वारी कोण भेटेल, आणि तो गेला की नाही हे कोणी पाहावयाचे, या तीन बाबी पदांच्या तक्त्यात सहसा सापडत नाहीत.