घरगुती वातानुकूलन यंत्रातील बिघाड

घरगुती वातानुकूलन यंत्रातील बिघाड म्हणजे खोली थंड करणाऱ्या यंत्राची (एसी) क्षमता घटणे, त्यातून पाणी गळणे किंवा ते बंद पडणे यांसारखे दोष होत. विंडो आणि स्प्लिट या दोन्ही प्रकारांत त्यांची कारणे बहुतांशी सारखीच असतात.

कार्यतत्त्व

आतील कॉइलमध्ये प्रशीतक द्रवाचे बाष्पीभवन होते व त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतील हवेतून घेतली जाते. कॉम्प्रेसर हे बाष्प दाबून बाहेरील कॉइलकडे पाठवतो. तेथे उष्णता बाहेरच्या हवेत सोडून त्याचा पुन्हा द्रव होतो. हे चक्र बंदिस्त असते. त्यामुळे वापराने प्रशीतक संपत नाही.

हवेच्या प्रवाहातील अडथळे

फिल्टरवर धूळ साचल्यास आतील कॉइलला पुरेशी हवा मिळत नाही. कॉइलचे तापमान शून्य अंश सेल्सिअसखाली जाऊन तिच्यावर बर्फ जमतो आणि थंडावा आणखी कमी होतो. बाहेरील कॉइल मळलेली असल्यास किंवा बाहेरचा भाग कोंदट जागी बसवल्यास उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी दाब वाढतो, वीज अधिक लागते व कॉम्प्रेसर वारंवार बंद पडतो.

पाणी गळणे

हवेतील बाष्प थंड कॉइलवर द्रवरूप होते व नळीवाटे बाहेर जाते. नळी तुंबल्यास किंवा तिला योग्य उतार नसल्यास हे पाणी खोलीत गळते. वितळणाऱ्या बर्फामुळेही असे घडते.

प्रशीतकाची गळती

प्रशीतकाला व्यवहारात ‘गॅस’ म्हणतात. गॅस कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती असते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या भागांत खारट हवेमुळे कॉइल लवकर गंजते. गळती न शोधता केवळ गॅस भरल्यास बिघाड पुन्हा उद्भवतो. नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधणे, ती बुजवणे, निर्वात पंपाने हवा व ओलावा काढणे आणि ठरलेल्या वजनाइतका गॅस भरणे, हा योग्य क्रम होय.

कमी गॅसमुळेही कॉइलवर बर्फ जमतो. त्यामुळे बर्फ दिसताच गॅस भरण्याऐवजी आधी फिल्टर व पंखा तपासणे आवश्यक असते.

जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोन थराला हानिकारक असून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे. आर-३२ ओझोनला घातक नाही. मात्र १०० वर्षांच्या कालावधीत त्याचा तापवृद्धी परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट असतो. तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन असून तो अतिज्वलनशील आहे.

विद्युत बिघाड

कपॅसिटर निकामी झाल्यास कॉम्प्रेसर केवळ गुणगुणतो, सुरू होत नाही. सैल जोडण्या तापून वायर जळू शकते. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. म्हणून यंत्र उघडण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावे लागते.

देखभाल

फिल्टर नियमित धुणे आणि बाहेरील भागाभोवती जागा मोकळी ठेवणे ही कामे वापरकर्त्याला करता येतात. बर्फ जमल्यास थंडावा बंद करून केवळ पंखा चालू ठेवतात. टोकदार वस्तूने बर्फ खरवडल्यास कॉइलला छिद्र पडू शकते.