गॉडझिलासमोरचा टेहळ्या

गॉडझिला समुद्रातून वर आला, की पडद्यावर ठरलेली धांदल उडते. रणगाडे सरसावतात, तोफा धडाडतात, लढाऊ विमानं घोंघावतात. या लवाजम्यात बहुतेकदा एक चिमुकलं हेलिकॉप्टरही असतं. त्याचं काम लढायचं नसतं, बघायचं असतं.

इशिरो होंडा यांच्या १९५४च्या पहिल्या गॉडझिलापटात, म्हणजे ‘गोजिरा’तही हेलिकॉप्टर आहे. ते ओदो बेटावर येतं आणि वादळी रात्री चिरडलं जातं. तोवर राक्षस धड दिसलेलाही नसतो. त्याच्या पायाचं वजन प्रेक्षकाला कळतं, ते या चेंदामेंदा झालेल्या यंत्रावरून.

हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांच्या २०१६च्या ‘शिन गॉडझिला’त बघण्याची ही कामगिरी ओएच-१कडे आली. कावासाकी कंपनीचं हे टेहळणी हेलिकॉप्टर म्हणजे संपूर्ण जपानी बनावटीचं पहिलं हेलिकॉप्टर. पहिलं उड्डाण ६ ऑगस्ट १९९६चं. टोपणनाव ‘निन्जा’, आणि ते शोभतंही. दोन वैमानिक एकामागे एक बसतात, त्यामुळे अंग जेमतेम मीटरभर रुंद. समोरून बघणाऱ्याला ते चटकन दिसत नाही. शेपटीचा पंखा तिच्या उभ्या फळीतच गोल चौकटीत बसवलेला. कॅमेरे कॉकपिटच्या डोक्यावर, म्हणजे टेकडीआड दडून नुसतं कपाळ वर काढलं तरी पलीकडचं दिसावं. तोफ नाहीच, स्वसंरक्षणापुरती हवेतून हवेत मारा करणारी चार छोटी क्षेपणास्त्रं.

चित्रपटात ते ‘कोब्रा’ या हल्लेखोर हेलिकॉप्टरांच्या सोबतीला असतं. इथे गॉडझिलाची उंची ११८.५ मीटर, तर ओएच-१ची लांबी सुमारे १२ मीटर. म्हणजे असली दहा हेलिकॉप्टरं एकावर एक उभी केली, तर कुठे त्याच्या डोक्याशी पोचतील. इमारती केवढ्या, हे अंदाजाने धरावं लागतं. पण हेलिकॉप्टरमध्ये माणूस बसतो, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे खरी मोजपट्टी तेच.

बघण्याची किंमत सांगणारा प्रसंगही याच चित्रपटात आहे. राक्षस शहरात शिरलाय, कोब्रांनी नेम धरलाय, फक्त हुकूम यायचा बाकी आहे. तेवढ्यात रेल्वे फाटकात माणसं दिसतात. कुणीतरी म्हाताऱ्या माणसाला घेऊन रूळ ओलांडतंय. ही खबर एकेक पायरी चढत पंतप्रधानांपर्यंत जाते आणि हल्ला थांबतो. तोफेची एक गोळीही सुटत नाही, तरी चित्रपटातला सर्वात ताणलेला क्षण हाच.

गंमत म्हणजे हा चित्रपट लागला, तेव्हा खरी ओएच-१ हँगरमध्ये पडून होती. फेब्रुवारी २०१५मध्ये इंजिनातल्या बिघाडामुळे एक हेलिकॉप्टर समुद्रावर उतरवावं लागलं आणि सगळ्यांचीच उड्डाणं थांबवली गेली. ती पुन्हा सुरू झाली २०१९मध्ये. पडद्यावरचा निन्जा राक्षसापुढे घिरट्या घालत होता, खरा मात्र दुरुस्तीची वाट बघत होता.

मुळात बनलीच अवघी ३८. डिसेंबर २०२२मध्ये जपानने हल्ल्याची आणि टेहळणीची हेलिकॉप्टरं टप्प्याटप्प्याने मोडीत काढून त्यांच्या जागी ड्रोन आणायचं ठरवलं. पुढचा गॉडझिला कदाचित आधी ड्रोनलाच दिसेल. चित्र अधिक स्वच्छ येईल, जीवही कुणाचा जाणार नाही. पण कॉकपिटच्या काचेमागे बसून ‘बाप रे!’ म्हणायला कुणी नसेल.