बावीस मीटरची पट्टी आणि मातीचा हिशेब

शेताच्या उतारावर आखलेली एक अरुंद पट्टी. लांबी ७२.६ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर. रुंदी ६ फूट. कडेने जमिनीत रोवलेले पत्रे, खालच्या टोकाला पन्हाळ आणि पुढे टाकी. पाऊस पडला की पट्टीवरून वाहिलेले पाणी मातीसकट टाकीत उतरते. मग पाणी मोजायचे, गाळ तळापासून ढवळून नमुना घ्यायचा, तो वाळवून तोलायचा आणि वहीत आकडा मांडायचा. लांबीचा आकडा विचित्र वाटतो, पण ७२.६ गुणिले ६ म्हणजे बरोबर एकराचा शंभरावा भाग, आपल्या गुंठ्याच्या निम्म्याहूनही कमी. मृदसंधारणाचे शास्त्र या एवढ्याशा जागेवर उभे राहिले.

मोजायची गरज का पडावी? ओघळ आणि घळी शेतकऱ्याला दिसतातच. पण उताराभर पातळ थर सारखा निघून जातो, तो दिसत नाही. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये भारताचा अंदाज मांडला: वर्षाला हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती जागची हलते. शेतावर हा थर पसरला तर जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. एका पावसाळ्यात तो कुणाच्या लक्षात येणार? वीस वर्षांत मात्र इंचभर जमीन गेलेली असते, आणि तीही सर्वांत कसदार.

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात १९१७ साली अशा पट्ट्यांवर मोजणी सुरू झाली. ह्यू हॅमंड बेनेट या मृदातज्ज्ञाच्या आग्रहामुळे पुढे अनेक राज्यांत संशोधन केंद्रे उभी राहिली. प्रत्येक केंद्राकडे आपापल्या वह्या साठल्या, पण एका ठिकाणचे उत्तर दुसरीकडे लागू पडेना. १९५४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात या साऱ्या नोंदी एकत्र करण्याचे केंद्र निघाले आणि वॉल्टर विशमायर या संख्याशास्त्रज्ञाने ते काम अंगावर घेतले. ४९ ठिकाणच्या नोंदी जमल्या. एका पट्टीचे एक वर्ष अशी मोजणी केली तर त्या दहा हजारांहून अधिक वर्षांच्या भरतात.

त्यातून निघालेली मोठी गोष्ट अशी, की नुसता किती पाऊस पडला यावरून धूप सांगता येत नाही. पावसाची ऊर्जा आणि त्याच्या सर्वांत जोरदार अर्ध्या तासाची तीव्रता, यांच्या गुणाकाराशी धूप जुळते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो, ढेकळे फोडतो, कण सुटे करतो. वाहते पाणी ते पुढे नेते. थेंबांचे आकार कसे मोजले? लॉज आणि पार्सन्स यांनी पिठाने भरलेली ताटली क्षणभर पावसात धरली, थेंबागणिक तयार झालेल्या गोळ्या वाळवल्या आणि चाळल्या. त्यांच्या १९४३ च्या आकड्यांवरून विशमायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी पावसाच्या ऊर्जेचे गणित बसवले.

१९६५ मध्ये या नोंदींवरून बसवलेले धूप काढण्याचे समीकरण पुस्तिकेच्या रूपात आले, १९७८ मध्ये सुधारून. पाऊस, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, उताराचा चढ, जमिनीवरचे आच्छादन आणि संधारणाची रीत: हे सारे एकमेकांना गुणायचे. गुणाकार आहे, म्हणून यातला एक आकडा खाली आणला तरी सगळा निकाल खाली येतो. पाऊस आपल्या हाती नाही, आच्छादन आहे. तीन ते आठ टक्के उतारावर नुसती उताराला आडवी मशागत आणि पेरणी केली तरी धूप निम्म्यावर येते असे ही पुस्तिका सांगते. चढ वाढत गेला की तो फायदा घटतो, म्हणून तिथे बांध आणि गवत हवे.

विशमायर यांचा मोठेपणा यापुढे दिसतो. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच्या समीकरणाच्या गैरवापरावर लेख लिहिला. हे गणित अनेक वर्षांची सरासरी देते, एका वादळाचा हिशेब देत नाही. घळींची धूप त्यात धरलेली नाही. पट्टीवरून सुटलेली माती ओढ्यापर्यंत किती पोचते हेही ते सांगत नाही. पाणलोटातल्या धरणाचा गाळ थेट या सूत्राने काढणाऱ्यांनी तो इशारा आजही वाचावा.

सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, आणि हा विषय तिथे अगदी घरचा आहे. रब्बी ज्वारीसाठी भारी काळे रान पावसाळाभर मोकळे ठेवायची रीत जुनी, आणि तिकडचा जोराचा पाऊस येतो सप्टेंबरात. म्हणजे आच्छादन सर्वांत कमी असते तेव्हाच थेंबांचा मारा सर्वांत जास्त. अशा रानात मूग-उडदासारखे लवकर निघणारे पीक, धसकटांचे आच्छादन आणि आडव्या पाळ्या यांचे मोल नेमके या काळात ठरते.

पाणलोटाच्या कामात आपण किती मीटर बांध घातले आणि किती चर खोदले हे मोजतो. वर्षाकाठी किती माती शेतात राहिली हेही मोजायला हवे, आणि तेही एका योजनेपुरते नव्हे, तर पाऊसमानाचे चांगले-वाईट फेरे पाहण्याइतकी वर्षे. प्रत्येक मृदाविभागात अशा चार पट्ट्या आणि त्यांची वही नेमाने लिहिणारा माणूस, एवढा खर्च जमिनीच्या मोलापुढे काहीच नाही.